कान-नाक-घशाचा डॉक्टर कार्डावर मिळतो का? आदिलाबाद आणि सीमेपलीकडच्या कुटुंबांसाठी सविस्तर माहिती

आदिलाबाद : पोराचा कान वाहतोय, आजीला ऐकू येईनासं झालंय, घरच्या कर्त्या माणसाचा आवाज महिनाभरापासून बसलाय. अशा वेळी बेला, जैनथ, तांसी, भीमपूर, तलमडुगू या भागातल्या मराठी घरांत पहिला प्रश्न एकच असतो : 'कार्ड घेणारा कानाचा डॉक्टर कुठं आहे?' सीमेपलीकडं पाटणबोरी, पांढरकवडा, किनवट किंवा तिकडं कोरपना, जिवतीतही हाच प्रश्न विचारला जातो. फरक इतकाच की इकडं कार्ड म्हणजे आरोग्यश्री आणि तिकडं कार्ड म्हणजे महात्मा फुले योजना.

प्रश्न साधा असला तरी त्याचं सरळ उत्तर मिळत नाही. कारण कार्ड 'डॉक्टर' घेत नाही, दवाखाना घेतो. तोही सगळ्या आजारांसाठी घेत नाही, ठरावीक विभागातल्या ठरावीक उपचारांसाठी घेतो. आणि कोणत्या राज्यातला दवाखाना घेईल, हे कार्ड कोणत्या राज्याचं आहे यावर ठरतं. हे माहीत नसल्यामुळे लोक आधी खासगी दवाखान्यात पैसे घालवतात, मग कार्ड चालत नाही म्हणून घरी बसतात. कानाच्या आजारात असं घरी बसणं महागात पडतं. म्हणून कुठं जायचं, काय विचारायचं आणि कोणत्या दुखण्यात थांबायचं नाही, याची ही माहिती.

तपासणी वेगळी, ऑपरेशन वेगळं

आरोग्यश्री ही योजना 1 एप्रिल 2007 रोजी अविभाजित आंध्र प्रदेशात तीन जिल्ह्यांत सुरू झाली आणि नंतर राज्यभर गेली. महाराष्ट्रात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना 2 जुलै 2012 रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्या पहिल्या आठांत नांदेड आणि गडचिरोली होते. 2013च्या नोव्हेंबरमध्ये ती राज्यभर लागू झाली आणि 2017मध्ये तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. केंद्राची आयुष्मान भारत योजना 23 सप्टेंबर 2018 रोजी सुरू झाली.

तिन्ही योजनांचा मूळ हेतू एकच. मोठ्या आजारात, ऑपरेशनमध्ये गरिबाचं शेत-घर विकलं जाऊ नये. त्यामुळे पैसे मिळतात ते प्रामुख्याने भरती होऊन घेतलेल्या उपचाराचे. डॉक्टरांनी कानात बॅटरी मारून पाहिलं, थेंब लिहून दिले आणि घरी पाठवलं, तर त्याचे पैसे आयुष्मानमधून मिळत नाहीत.

कान-नाक-घशाच्या बाबतीत ही गोष्ट जास्त जाणवते, कारण या विभागातले बहुतेक रुग्ण ओपीडीचेच असतात. मळ साचणं, कान दुखणं, सर्दीने नाक चोंदणं, घसा धरणं यासाठी कोणी भरती होत नाही. म्हणून खासगी क्लिनिकमध्ये 'कार्ड चालतं का?' विचारलं की 'नाही' हेच उत्तर येतं. ते उत्तर तपासणीच्या फीपुरतं असतं. कानाच्या पडद्याचं ऑपरेशन, कानामागच्या हाडातली सड काढणं, नाकाचं वाकडं हाड सरळ करणं, सायनसचं दुर्बिणीतून ऑपरेशन हे योजनेत बसणारे उपचार आहेत. तिथं प्रश्न पुन्हा विचारावा लागतो, पण वेगळ्या शब्दांत.

आरोग्यश्रीत एक सवलत आहे, ती अनेकांना माहीत नसते. योजनेत बसू शकेल अशा आजारासाठी नेटवर्क दवाखान्यात गेलेल्या कार्डधारकाची प्राथमिक तपासणी मोफत करावी, अशी योजनेची रचना आहे. त्यासाठी थेट डॉक्टरच्या खोलीत न जाता आधी आरोग्यमित्राच्या टेबलावर जावं लागतं.

पहिलं दार : सरकारी मेडिकल कॉलेज

तपासणीसाठी कार्डाची गरजच नाही असं ठिकाण म्हणजे सरकारी दवाखाना. पण गावच्या आरोग्य केंद्रात कान-नाक-घशाचा तज्ज्ञ नसतो. तो कुठं नक्की असतो, हे ओळखण्याची सोपी खूण आहे : जिथं सरकारी मेडिकल कॉलेज, तिथं कान-नाक-घसा विभाग असावाच लागतो. तो विषय शिकवल्याशिवाय डॉक्टरकीचं शिक्षण पुरं होत नाही.

आदिलाबाद शहरातलं रिम्स, म्हणजे राजीव गांधी वैद्यकीय विज्ञान संस्था, 2008पासून आहे. 2016च्या ऑक्टोबरमध्ये जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. त्यानंतर मंचेरियालला 2022मध्ये, निर्मल आणि आसिफाबादला 2023मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं. म्हणजे जुन्या जिल्ह्यात जिथं असं एक ठिकाण होतं, तिथं आज चार आहेत. उटनूर, इंद्रवेल्लीच्या माणसाला रिम्स सोयीचं, तर केरामेरीच्या माणसाला आसिफाबाद.

सीमेपलीकडं यवतमाळचं वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, चंद्रपूरचं शासकीय महाविद्यालय, नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण महाविद्यालय आणि नागपुरातलं मेडिकल व मेयो ही तशीच ठिकाणं. आदिलाबादहून नागपूर महामार्गाने सुमारे 200 किलोमीटर, तर हैदराबाद सुमारे 300 किलोमीटर. त्यामुळे मोठं दुखणं म्हटलं की अनेक मराठी घरांचा पाय नागपूरकडेच वळतो. ओपीडीत दाखवण्यापुरतं त्यात काही अडत नाही. ऑपरेशन करायची वेळ आली की मात्र कार्डाचं राज्य आडवं येतं.

मेडिकल कॉलेजच्या ओपीडीची नोंदणी सकाळी होते, त्यामुळे लवकर पोहोचावं. तिकडं महाराष्ट्रात ज्याला 'केसपेपर' म्हणतात, त्याला इकडं 'ओपी चिठ्ठी' म्हणतात. रिम्समधल्या पाट्या तेलुगू आणि इंग्रजीत असतात. तेलुगूत कान म्हणजे 'चेवि', नाक म्हणजे 'मुक्कु' आणि घसा म्हणजे 'गोंतु'. नुकतेच महाराष्ट्रातून नांदायला आलेल्या सुनेला किंवा पाहुण्याला एवढे तीन शब्द माहीत असले तरी खिडकीवर काम भागतं. 'ईएनटी' हा शब्द तर दोन्हीकडं चालतो.

पांढरं कार्ड : इकडं गरिबाचं, तिकडं बऱ्या घरचं

सीमेवर सर्वात जास्त घोळ होतो तो रेशन कार्डाच्या रंगावरून. तेलंगणात पांढरं कार्ड म्हणजे दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाचं. त्यालाच आता फूड सिक्युरिटी कार्ड म्हणतात आणि आरोग्यश्रीचा हक्क वर्षानुवर्षं त्याच्याशीच जोडलेला आहे. महाराष्ट्रात नेमकं उलटं : गरिबाचं कार्ड पिवळं किंवा केशरी आणि पांढरं कार्ड म्हणजे बऱ्या उत्पन्नाचं. त्यामुळे आदिलाबादचा माणूस यवतमाळला फोनवर 'आमचं पांढरं कार्ड आहे' म्हणाला की समोरच्याचा गैरसमज होतो. फोनवर रंग सांगू नये, राज्य आणि योजनेचं नाव सांगावं.

'एक देश, एक रेशन कार्ड' योजनेमुळे रेशनचं धान्य दुसऱ्या राज्यात घेता येतं. पण ती सोय धान्यापुरती आहे, तिच्यामुळे आरोग्य योजना दुसऱ्या राज्यात जात नाही.

थोडक्यात हिशोब असा :

आरोग्यश्री (तेलंगणा). 9 डिसेंबर 2023पासून संरक्षण कुटुंबामागे वर्षाला 5 लाखांवरून 10 लाख रुपये झालं. 2024मध्ये 163 उपचारांची भर पडून यादी 1,835 वर गेली. योजनेच्या नेटवर्कमध्ये नाव असलेल्या दवाखान्यातच ती चालते.

महात्मा फुले योजना (महाराष्ट्र). आधी दीड लाखाचं संरक्षण होतं. 2023च्या जुलैमध्ये ते 5 लाख करण्याचा आणि पांढऱ्या कार्डासह राज्यातल्या सर्व कुटुंबांना सामावून घेण्याचा निर्णय झाला. त्याची अंमलबजावणी 1 जुलै 2024पासून. हक्क महाराष्ट्राच्या रेशन कार्डावर किंवा अधिवास दाखल्यावर मिळतो. आदिलाबादला राहणाऱ्याला, घरची भाषा मराठी आहे म्हणून, तो मिळत नाही.

आयुष्मान भारत (केंद्र). पात्र कुटुंबाला वर्षाला 5 लाख. तेलंगणा 2021च्या मे महिन्यात या योजनेत आलं. तीनपैकी राज्याची सीमा ओलांडणारी योजना हीच. पात्र कुटुंबाला देशभरात कुठल्याही राज्यातल्या आयुष्मान दवाखान्यात भरती होता येतं. 29 ऑक्टोबर 2024पासून 70 वर्षांपुढच्या सर्वांना, उत्पन्न कितीही असलं तरी, 'आयुष्मान वय वंदना' कार्ड काढता येतं. आजीच्या कानाचा प्रश्न असेल तर आधी तिचं वय आधारवर किती लागलंय ते पाहावं.

इथं एक मेख आहे. तेलंगणात आरोग्यश्री आणि आयुष्मान एकत्र राबवल्या जातात, त्यामुळे दोन्ही एकच आहेत असा समज होतो. पण परराज्यात चालतो तो केंद्राच्या यादीतला 5 लाखांचा भाग, राज्याने वाढवून दिलेला भाग नाही. आणि आरोग्यश्रीचं प्रत्येक कुटुंब केंद्राच्या यादीत असेलच असं नाही. म्हणून नागपूर, यवतमाळचा रस्ता धरण्यापूर्वी 14555 या केंद्राच्या मोफत क्रमांकावर आधार नंबर सांगून 'हे कार्ड महाराष्ट्रात चालेल का?' एवढं विचारून घ्यावं.

कर्नाटकातल्या 865 गावांतील मराठी भाषकांना महात्मा फुले योजना देण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारने 2023मध्ये घेतला, त्यावरून दोन्ही राज्यांत वादही झाला. त्या बातम्या मोबाईलवर फिरत आदिलाबादपर्यंत आल्या आणि 'आपल्यालाही मिळतं' असा समज पसरला. तो निर्णय कर्नाटकच्या सीमाभागापुरता होता.

दोन्ही राज्यांची कार्डं असतील तर

जिवती तालुका आणि केरामेरी मंडल यांच्यामधल्या 14 गावांची गोष्ट निराळी. परमडोली, मुकदमगुडा ही त्यातलीच. या गावांवर दोन्ही राज्यं हक्क सांगतात आणि तिथल्या अनेक घरांत दोन्हीकडची रेशन कार्डं आहेत. अशा घरांना कागदावर दोन रस्ते खुले दिसतात, पण दवाखान्यात ओळख पटते ती आधारवरून. बोटाचा ठसा, फोटो आणि आधारवरचं नाव ज्या कार्डावरच्या नावाशी जुळतं, तेच कार्ड कामाला येतं. एका कार्डावर 'लक्ष्मीबाई' आणि आधारवर 'लक्ष्मी' असेल, तर मंजुरी तिथंच अडकते. ऑपरेशनची तारीख मिळायच्या आधी नावं सारखी करून घ्यावीत. तेलंगणात हे काम मी-सेवा केंद्रात, महाराष्ट्रात तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत किंवा सेतू केंद्रात होतं.

दवाखाना शोधायचा कसा

दारावर 'आरोग्यश्री' किंवा 'आयुष्मान'ची पाटी दिसली म्हणून कानाचं ऑपरेशन तिथं होईलच असं नाही. दवाखान्याची निवड विभागवार होते. एखादा दवाखाना बाळंतपणासाठी यादीत असतो, एखादा हाडांसाठी, एखादा फक्त डायलिसिससाठी. म्हणून विचारायचे प्रश्न क्रमाने असे :

1. दवाखाना योजनेत आहे का?
2. कान-नाक-घसा विभागासाठी आहे का?
3. डॉक्टरांनी लिहिलेलं हे नेमकं ऑपरेशन तिथं कार्डावर होतं का?
4. सध्या कार्डावर भरती सुरू आहे का?

चौथा प्रश्न विचारलाच पाहिजे. सरकारकडून बिलं थकली की खासगी दवाखाने योजनेतले रुग्ण घेणं थांबवतात. 2025मध्ये तेलंगणातल्या खासगी नेटवर्क दवाखान्यांनी थकबाकीवरून आरोग्यश्री सेवा बंद ठेवल्या होत्या. यादीत नाव असूनही त्या दिवशी दार बंद, असं होऊ शकतं. भाडं खर्चून जाण्यापेक्षा एक फोन स्वस्त पडतो.

फोनवर गोलगोल न बोलता सरळ विचारावं : 'भाऊ, आमच्याकडं आरोग्यश्री आहे, आदिलाबाद जिल्ह्याची. कानाच्या पडद्याचं ऑपरेशन सांगितलंय. तुमच्याकडं कार्डावर होतं का? आरोग्यमित्राशी बोलणं करून द्या.' आरोग्यमित्र हा शब्द आणि पद दोन्ही राज्यांत सारखंच आहे. यादीतल्या दवाखान्यात तो बसलेला असतो आणि कार्डाचं खरं उत्तर त्याच्याकडंच मिळतं, रिसेप्शनवर नाही.

आयुष्मानच्या संकेतस्थळावर राज्य, जिल्हा आणि विभाग निवडून दवाखान्यांची यादी पाहता येते. तिथं 'ईएनटी' शोधून पुष्कळांना काही सापडत नाही, कारण विभागाचं नाव वैद्यकीय भाषेत 'ओटोरायनोलॅरिंगॉलॉजी' असं दिलेलं असतं. शिकणाऱ्या पोराला किंवा मी-सेवावाल्याला हे नाव दाखवावं.

आणखी एक वाट आहे. तज्ज्ञ डॉक्टरचं स्वतःचं क्लिनिक योजनेत नसलं, तरी अनेक डॉक्टर ऑपरेशनं दुसऱ्या मोठ्या दवाखान्यात करतात आणि तो दवाखाना यादीत असू शकतो. म्हणून फी भरून दाखवलंच असेल तर निघताना विचारावं : 'डॉक्टरसाहेब, ऑपरेशन कुठं करता? तिथं कार्ड चालतं का?'

काही उपचार सरकारी दवाखान्यांसाठीच राखून ठेवलेले असतात. महाराष्ट्राच्या 1,356 उपचारांच्या यादीत 119 असे होते. राखीव उपचार असेल तर खासगी दवाखाना इच्छा असूनही कार्डावर करू शकत नाही. अशा वेळी त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, मेडिकल कॉलेज गाठावं.

मंजुरी, कागद आणि पैसे

ऑपरेशन ठरलं की आरोग्यमित्र कार्ड तपासतो, दवाखाना तपासण्यांचे रिपोर्ट ऑनलाईन पाठवतो आणि योजनेच्या कार्यालयातून मंजुरी येते. कानाच्या ऑपरेशनला श्रवण चाचणीचा आलेख, म्हणजे ऑडिओग्राम, आणि काही वेळा सीटी स्कॅन लागतो. तातडीच्या रुग्णाला मंजुरीची वाट न पाहता भरती करून घेण्याची सोय आहे.

सोबत न्यावं : रेशन किंवा आरोग्य कार्ड, रुग्णाचं मूळ आधार, आधारला जोडलेला मोबाईल, जुने सगळे कागद. मोबाईल घरी शेतावर आणि रुग्ण रिम्समध्ये, अशा वेळी ओटीपीसाठी अर्धा दिवस जातो. लहान मुलाचं नाव रेशन कार्डावर चढवलेलं नसेल तर ते आधी चढवावं. कानाच्या रुग्णांत लहान मुलं खूप असतात आणि कार्डावर नाव नसण्याची अडचण त्यांचीच जास्त येते.

मंजूर उपचार रोखीविना असतो. 'योजनेत एवढेच मिळतात, वरचे तुम्ही भरा' असं म्हणणं नियमात बसत नाही. आयुष्मानमध्ये भरतीच्या आधीच्या 3 दिवसांचा आणि सुट्टीनंतरच्या 15 दिवसांचा खर्चही धरलेला असतो. पैसे मागितले तर भांडण न करता पावती मागावी आणि तक्रार नोंदवावी : आरोग्यश्रीसाठी 104, महात्मा फुले योजनेसाठी 155388 किंवा 1800 233 2200, आयुष्मानसाठी 14555. एक ध्यानात ठेवावं, महाराष्ट्रातही 104 हा आरोग्य सल्ल्याचा क्रमांक आहे. तिथं आरोग्यश्रीची माहिती मिळत नाही.

बाळाला ऐकू येतं का? इथं वेळच मोठी

या साऱ्या धावपळीत सगळ्यात जास्त नुकसान होतं ते जन्मतः ऐकू न येणाऱ्या बाळाचं. बाळ आवाजाने दचकत नाही, हाक मारली तर वळत नाही, वर्ष उलटलं तरी एकही शब्द नाही. घरात म्हणतात, 'याचा बाप पण उशिराच बोलला होता.' आणि दोन-तीन वर्षं अशीच जातात. मेंदू भाषा शिकतो तो पहिल्या काही वर्षांत. त्या काळात कानावर शब्द पडले नाहीत, तर पुढं यंत्र बसवूनही बोलणं यायला फार जड जातं. म्हणून जगभर डॉक्टर सांगतात : पहिल्या महिन्यात श्रवण चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू.

यासाठी खासगी डॉक्टर शोधत बसायची गरज नाही. अंगणवाडी आणि शाळांत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाच्या यादीत बहिरेपण आणि कान वाहणं दोन्ही आहेत. 18 वर्षांपर्यंतच्या मुलाला हे पथक पुढच्या उपचारासाठी पाठवतं आणि हा कार्यक्रम दोन्ही राज्यांत चालतो. अंगणवाडी ताईला किंवा आशाताईला एकदा सांगितलं की पुढची साखळी सुरू होते.

कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे आतल्या कानात बसवायचं यंत्र, खर्चाने लाखांच्या घरात जातं. आरोग्यश्रीत लहान मुलांसाठी त्याची सोय आहे. केंद्राच्या एडिप योजनेतूनही ते मिळतं, मात्र जन्मतः बहिऱ्या मुलासाठी वयाची मर्यादा 5 वर्षांची आहे. पोर सहा वर्षांचं झाल्यावर शाळेतल्या बाईंच्या लक्षात आलं, तर त्या योजनेचं दार लागलेलं असतं. एडिपचं काम पाहणाऱ्या मुंबईच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेचं प्रादेशिक केंद्र सिकंदराबादला आहे. आदिलाबादच्या आईबापाला त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. हैदराबादला कोठी भागात तर कान-नाक-घशाचा वेगळा सरकारी दवाखानाच आहे. रिम्समधून पाठवलेली गुंतागुंतीची केस तिथं दाखवता येते.

म्हाताऱ्या माणसांच्या श्रवणयंत्राला भरतीच्या योजना उपयोगाच्या नाहीत. त्यासाठी एडिप आणि 60 वर्षांपुढच्या गरिबांसाठीची राष्ट्रीय वयोश्री योजना या दोन वाटा आहेत. बहिरेपणाचं अपंगत्व प्रमाणपत्रही काढून ठेवावं. तेलंगणात ते काम 'सदरम' कॅम्पच्या नावाने ओळखलं जातं.

कार्ड शोधत बसायचं नाही, अशी दुखणी

काही दुखण्यांत तासांचा, काहींत दिवसांचा हिशोब असतो.

मुलाने नाकात किंवा कानात घड्याळाची, खेळण्यातली चपटी बटन बॅटरी घातली तर काही तासांत आतलं मांस जळतं. पाणी, तेल, थेंब काही न घालता लगेच दवाखाना गाठावा. शेंगदाणा, सीताफळाची बी श्वासनलिकेत गेली, पोर घुसमटतंय, तर 108 लावावा. हा क्रमांक दोन्ही राज्यांत चालतो. नाकातून रक्त येत असेल तर डोकं मागं न टाकता पुढं वाकवून नाकाचा मऊ भाग दहा-पंधरा मिनिटं दाबून धरावा. तरी थांबलं नाही तर दवाखाना.

सकाळी उठल्यावर एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर 'मळ असेल' म्हणून आठवडा काढू नये. नसेचा बहिरेपणा असेल तर औषधाचा उपयोग सुरुवातीच्या दिवसांतच होतो. अशी तक्रार घेऊन त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी रिम्सची ओपीडी गाठावी.

कानातून घाण वासाचा पू वर्षानुवर्षं येत असेल तर ते 'लहानपणापासूनचंच' म्हणून सोडू नये. पडद्याआडची सड हाड खात जाते. चेहरा वाकडा होणं, चक्कर येणं, मेंदूपर्यंत पू जाणं, इथवर मजल जाऊ शकते. वाहत्या कानात कोमट तेल घालण्याची पद्धत गावोगाव आहे, ती अशा कानाला घातकच ठरते.

तंबाखू, खर्रा, विडीची सवय असलेल्या माणसाचा आवाज तीन आठवड्यांपेक्षा जास्त बसला, गिळताना अडकतं किंवा मानेत गाठ लागली, तर घशाची दुर्बिणीतून तपासणी करून घ्यावी. गाठ निघालीच तर कर्करोगाचे उपचार तिन्ही योजनांत आहेत. लवकर सापडलेली घशाची गाठ बरी होते, आवाजही वाचू शकतो. उशीर झाला की आवाजाची पेटीच काढावी लागण्याची पाळी येते.

निघण्यापूर्वी

नुसती तपासणी हवी असेल तर कार्डाचा विचार न करता जवळचं सरकारी मेडिकल कॉलेज गाठावं. ऑपरेशन सांगितलं तर त्या ऑपरेशनचं नाव कागदावर लिहून घ्यावं आणि पुढचे सगळे फोन ते नाव सांगूनच करावेत. तेलंगणाचं कार्ड असेल तर आधी 104, महाराष्ट्राचं असेल तर 155388, सीमा ओलांडायची असेल तर 14555. आणि कार्डावर घरातल्या सगळ्यात धाकट्या पोराचं नाव आहे का, ते आज सगळे बरे असतानाच पाहून घ्यावं.